अळणी या शब्दाचा अर्थ

मोशीच्या आमच्या घरी यात्रेचे मटण काकूंनीच करायचे, हा नियम इतका जुना होता की तो कोणी घातला, हे विचारण्याची वेळ कधी आली नव्हती. गेल्या वर्षी काकूंनी देहूला जाऊन गळ्यात तुळशीची माळ घातली. माळकरी माणसाने मटण खायचे नाही, शिवायचेही नाही. साहजिकच यात्रा जवळ आली तसा मटण कोणी करायचे, हा प्रश्न घरात उभा राहिला.

"तळवड्याच्या मेसमधून बिर्याणी मागवू," चुलतभाऊ म्हणाला. तो चाकणच्या कंपनीत शिफ्टला असतो. त्याचे निर्णय झटपट होतात. मात्र यात्रेच्या पाहुण्यांना विकतचे जेवण वाढावे लागणार, याचे दुःख काकूंच्या चेहऱ्यावर मला स्वच्छ दिसले.

"मी करतो," मी म्हणालो. पन्नाशी उलटलेला, ड्रॉइंग तपासण्यात नोकरी घालवलेला आणि चार माणसांत बोलायला कचरणारा मी हे कसे बोलून गेलो, याचे मला आजही नवल वाटते.

"राव, तुझा चहासुद्धा आम्ही देवाचं नाव घेऊन पितो!" भाऊ म्हणाला.

यात्रेच्या दिवशी पार्किंगमध्ये मोठी शेगडी लावली. काकू जिन्याच्या पायरीवर, हात लागणार नाही इतक्या अंतरावर बसल्या आणि म्हणाल्या, "आधी अळणी काढ. मसाला मागनं."

अळणी म्हणजे मीठ नसलेले, हा अर्थ मला शाळेपासून पक्का ठाऊक होता. मी मटणाला हळद आणि आले-लसूण लावले, पातेल्यावर पाण्याचे ताट झाकले आणि तेच तापलेले पाणी लागेल तसे आत सोडत मंद आचेवर मटण शिजवले. मिठाच्या डब्याला हात लावला नाही.

"मऊ झालं? आता चव बघ अन् मला सांग."

मी पळीभर पाणी चाखले. "अगदी अळणी आहे," मी समाधानाने सांगितले.

"म्हंजे?"

"मीठ घातलेलंच नाही."

काकूंनी कपाळावर हात मारला आणि मग पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. "आरं, अळणी म्हंजे बिनतिखटाचं! मिठाबिगर मटण कोण शिजवतं व्हय?"

"ह्यानं शब्दकोश शिजवलाय!" भाऊ ओरडला.

हसू ओसरल्यावर काकूंनी विचारले, "मग आता काय करशील?" उत्तर त्यांना माहीत होते, ते त्यांना माझ्याकडून हवे होते. मी विचार केला. मीठ शेवटी रश्श्यात टाकले तर ते रश्श्यातच राहील, फोडी आतून फिक्याच लागतील. तेव्हा मीठ आत्ताच या पाण्यात घालावे, झाकण ठेवून आच कमी करावी आणि घाई न करता मुरू द्यावे. मसाला त्यानंतर. मी तसे सांगितले.

"कर तर," काकू म्हणाल्या.

पुढे काळपट भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचे वाटण तेल सुटेपर्यंत परतताना काकूंचे प्रश्न थांबेनात. "तिखट जिभंला लागतं का घशाला? खोबरं आधी कळतं का मागनं?" आयुष्यभर कागदावरच्या रेषांतली चूक शोधणारा मी चवीसाठी शब्द शोधत होतो. माझ्या जिभेवर विसंबून काकू पुढचे ठरवत होत्या, आणि एवढा विश्वास माझ्यावर पूर्वी कोणी टाकल्याचे मला आठवत नव्हते.

दुपारी पंगत बसली. शेजारचे म्हातारे आजोबा दरवर्षी पहिल्या घासाला मटण कसे झाले ते सांगतात. त्यांनी भाकरी कुस्करली, रस्सा ओतला, घास घेतला आणि काकूंकडे पाहिले.

"वैनी, आजच्या दिस माळ खुंटीला टांगली काय? ही चव तुमचीच हाय."

पंगत हसली. काकू मात्र ताठ उभ्या राहिल्या. "म्या पळीला बोट लावलं न्हाई. समदं ह्यानं केलंय."

आजोबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिले आणि वाटी पुढे केली. "मग बघत काय उभा राहिलास? वाढ की!"

मी वाटी भरली. मग रश्श्याची बादली उचलून, पंगतीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात मी विचारले, "रस्सा कोणाला?"