एटापल्लीले अर्ध्या सामन्यात कप वाटला

यंदा आमच्या गावच्या पोरींची कबड्डीची टीम फायनलले गेली, तं मीबी निघाली. पोरी बाहेरगावी खेळाले जाते तवा सोबत एक बाईमाणूस लागते, अन् 'कुठी चालली' म्हणून विचारणारा नवरा जिले उरला नाई अशी रिकामी मीच. आमचे हे असते तं पहिले सैपाकाचं विचारलं असतं, मंग सामन्याचं.

टीम भातगिरणीवाल्या सुरेशभाऊची. सामन्यामागं पोरींले पैसे तोच देते. निघताना म्हणते, "बाई, कप आला तं पुढच्या वर्षी टीम. नाई तं बंद." कॅप्टन मयुरीचं तोंड उतरलं. टीम हाये तोवर लगनाचं नाव नाई, असं तिनं बापाकडून कबूल करून घेतलं हाये.

मोसम कसा गेला? नागभीडले हाफटाइमपर्यंत मागं, जिंकलो. सिंदेवाहीले मागं, जिंकलो. वरोऱ्याले हारलो, दोघींले ताप होता. ब्रह्मपुरीले एवढे मागं होतो का लोकं चहा प्याले गेले. वापस आले तं आम्ही जिंकून फोटो काढून राह्यलो होतो. मयुरी पहिल्या हाफात नुसती पाहून घेते, कोण पाय धरते, कोण दमली. दुसऱ्या हाफात एकेकीले उचलते.

फायनल एटापल्लीले, त्यांच्याच पोरींसंग. रस्ता मूल गावावरून गडचिरोली, चामोर्शी, आष्टी, आलापल्ली, मंग एटापल्ली. एसटीत बायकांले अर्धं तिकीट, पण सकाळचीच पकडजा. आम्ही भाड्याच्या जीपनं गेलो. आष्टीच्या पुढं लोहखनिजाचे ट्रक एकामागं एक, अन् झाडाचं पान पान लाल. ड्रायव्हरले म्हटलं, "भाऊ, खड्डा चुकव ना." तो म्हणते, "कोणता चुकवू ते सांगा, बाई." डोंगर आमचा जाते, अन् वाट्याले येते खोकला! आलापल्लीले खानावळीत वरण-भात, वांग्याची भाजी, जवसाची चटणी, ऐंशी रुपयात पोटभर. पोरींनी अर्धंच खाल्लं.

सामना दुपारचा. मोठे पाहुणे आले उन्हं कलल्यावर. मंग सत्कार. शाल, नारळ, शाल, नारळ. मंडपवाल्याचा सत्कार, स्पीकरवाल्याचाबी सत्कार. खेळणाऱ्या पोरी रांगेत उभ्या, अन् भाषणात 'आपल्या लेकी, आपल्या लेकी'. मी वरडली, "लेकींले पाणी तरी पाजा!"

हाफटाइमले आम्ही सहा गुणांनी मागं. म्हणजे सगळं बरोबर चाललं होतं. मयुरी कानात म्हणते, "मावशी, त्यांची डाव्या कोपऱ्यातली दमली."

तेवढ्यात माईकवर आवाज: "पाहुण्यांले दिवस बुडायच्या आत जंगल पार कराचं हाये. वेळेअभावी हाफटाइमच्या गुणावर निकाल देण्यात येत हाये."

माह्या अंगाची आग झाली. स्टेजपाशी गेली. "काऊन जी, अर्धी मंगलाष्टकं म्हणून नवरीले गाडीत बसवता का?"

"बाई, खाली बसा."

"शाली वाटाले वेळ होता, खेळाले नाई?"

लोकं हासले. पाहुण्यानं एटापल्लीच्या पोरींले कप देला, फोटो काढला, अन् धूळ उडवत गाडी गेली.

एटापल्लीची कॅप्टन सुनीता आमच्या जीपपाशी आली. "सेवा जोहार, मावशी," तिनं गोंडीत रामराम घातला. "असा कप आमाले नाई पायजे."

मयुरी म्हणते, "मंग आमच्या गावाले ये. अर्धा सामना बाकी हाये. सहा गुण तुमचेच राहू दे."

घरी आलो. सुरेशभाऊले कप दिसला नाई, अन् त्यानं सांगून टाकलं, "टीम बंद." मयुरीच्या बापाकडं पोरगा पाहाची बोलणी सुरू.

रविवारी एटापल्लीच्या पोरी खरंच आल्या. खळ्यावर चुन्याच्या रेघा मारल्या. माईक नाई, खुर्च्या नाई. मयुरीनं सहाचे पाच केले, पाचाचे दोन, अन् शेवटी आम्ही एका गुणानं हारलो. सुनीता नाचून राह्यली होती. एटापल्लीले कप हातात होता तवा ती हासलीबी नव्हती. तवा मले कळलं, त्या दिवशी आम्हाले लुटलं म्हणून मी जळत होती, अन् खरं तं त्या पोरींचं जिंकणंच लुटलं होतं. माहा राग कमी नाई झाला, दुप्पट झाला.

मयुरीचा बाप सामनाभर एका जागी उभा होता. मी डिवचलं, "काय भाऊ, पाहुणे कवा येऊन राह्यले पोरीले पाहाले?"

पोरी पुढच्या खेपेले सुरेशभाऊच्या पैशाबिगर, एसटीच्या अर्ध्या तिकिटात कुठी कुठी जायचं ते ठरवून राह्यल्या होत्या. तो तिकडं पाहत म्हणाला, "कायचे पाहुणे, बाई. टीम हाये ना अजून."