रेवणप्पाचा सेट खरखरला तो दिवस

उमरग्याच्या बसस्टँडमागं रेवणप्पाचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, आत दोन माणसं बसली की तिसऱ्यानं बाहेर उभं राहायचं. पण चाळीस वर्षं हैदराबादकडं जाणारे ट्रकवाले त्याच्याकडं बिघडलेला सेट टाकायचे आणि परतीच्या खेपेला वाजणारा सेट घेऊन जायचे. सेट उघडायच्या आधीच, नुसत्या आवाजावरून तो सांगायचा, ‘कॉईल गेली,’ न्हायतर ‘तारेचा डाख सुटलाय.’ बहुतेक वेळा तसंच निघायचं.

मग बातमी आली. मीडियम वेव्हचं जुनं प्रक्षेपण बंद होणार, त्या जागी डिजिटल येणार. ऐकायचं असेल तर नवा सेट घ्या, न्हायतर मोबाईलवर ऐका.

तुरोरी गावची लक्ष्मम्मा काठी टेकत दुकानात आली. काचबिंदूनं तिचे दोन्ही डोळे गेलेले. “रेवणप्पा, हे खरं हाय का रे?” तिनं विचारलं. “मोबाईलवर नुसती काच हाय. म्या बोट कुठं ठेवू?”

“बंद होऊ देत न्हाय, अक्का,” रेवणप्पा म्हणाला. हे त्याच्या हातात नव्हतं, तरी बोलून गेला. आणि बोललं ते निभवायला तो खरंच उठला. दोन महिने सायकलवर गावोगाव फिरून ‘जुनं चालू ठेवा’ अशा अर्जावर त्यानं सह्या नि अंगठे घेतले. पहिला अंगठा लक्ष्मम्माचा.

बाजारपेठेतल्या काही मंडळींनी या विषयावर जाहीर चर्चा ठेवली. प्रसारण खात्याचे एक साहेब येणार होते. जुन्याच्या बाजूनं बोलायला रेवणप्पा, नव्याच्या बाजूनं महांतेश. महांतेश म्हणजे रेवणप्पाचाच थोरला मुलगा. त्याचं हमरस्त्यावर मोबाईलचं दुकान होतं आणि डिजिटल सेटची एजन्सी त्यानं आधीच धरली होती. घरात बापलेक एका ताटलीतली शेंगाचटणी खायचे, पण या विषयावर महिनाभर बोलले नव्हते.

चर्चेच्या दिवशी मंगल कार्यालय भरलं. महांतेश चांगला बोलला. आवाज स्वच्छ, एकाच प्रक्षेपणावर दोन-तीन कार्यक्रम, वीजही कमी लागते. खोटं काही नव्हतं. रेवणप्पाला भाषण जमत न्हाय, तरी तो उभा राहिला. “दोन सेलवर हे महिनो‌न्‌महिने चालतंय. मोबाईलचा टॉवर पडला, लाईट गेली, तरी बोलतंय. बिघडलं तर माझ्यासारखा माणूस डाख देऊन उठवतो. नव्या डब्यात काय उठवायचं? नवं आणा, म्या नको म्हणत न्हाय. पण जुनं ऐकणारं माणूस जिवंत हाय तवर त्याचा गळा दाबू नका.”

टाळ्या पडल्या. साहेबांनीही मान डोलावली. म्हणाले, “दोन्ही सेट शेजारी ठेवून ऐकू या की.”

टेबलावर हिरवं कापड अंथरलेलं. महांतेशनं उजव्या टोकाला नवा सेट लावला, आवाज काचेसारखा. रेवणप्पानं डाव्या बाजूला आपला सेट ठेवला, स्वतःच्या हातानं बांधलेला, सागवानी पेटीतला. बटण फिरवलं.

गुर्रर्रर्र.

कोणीतरी हसलं. रेवणप्पानं काटा इकडं तिकडं केला. गुर्रर्र. मागून पोरं ओरडली, “मामा, चक्की चालू हाय का काय?” सगळं कार्यालय हसलं.

रेवणप्पा घाबरला न्हाय. ही खरखर सेटची न्हाय, बाहेरची हाय, हे त्याच्या कानानं लगेच ओळखलं. त्यानं पेटी हळूहळू वळवली. खिडकीकडं केली की खरखर उतरायची, टेबलाच्या डाव्या कोपऱ्याकडं केली की चढायची. त्यानं कापडाचं टोक बोटभर उचललं. खाली विजेच्या बोर्डात एक हलका, स्वस्तातला चार्जर लावून ठेवला होता. असल्या चार्जरजवळ मीडियम वेव्हचा आवाज मरतो. कार्यालयात हे दोघांनाच ठाऊक होतं. एक तो स्वतः. दुसऱ्याला त्यानंच लहानपणी मांडीवर बसवून शिकवलं होतं.

त्यानं वर पाहिलं. महांतेशचा चेहरा पांढरा पडला होता.

कापड ओढलं असतं तर दोन क्षणांचं काम होतं. सेट वाजला असता. आणि भर सभेत, सुनेसमोर, सोयऱ्यांसमोर, पोरगा लबाड ठरला असता.

रेवणप्पानं कापड सोडलं. “माझाच सेट बिघडलाय,” तो म्हणाला.

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. अर्ज त्यांनी घेतला, पण न उघडता पिशवीत टाकला. पायऱ्यांवर लक्ष्मम्मा थांबली होती.

“रेवणप्पा, तुझाच सेट वाजंना, तर आमचे अंगठे कशाला घेतलेस? आंधळीची चेष्टा केलीस व्हय?”

ती काठी आपटत निघून गेली. पुन्हा त्याच्या दुकानात आली न्हाय.

ती खरखर कोणीतरी मोबाईलवर टिपली होती. आठवडाभरात बाजारात त्याचं नाव ‘गुर्रमामा’ पडलं. तेही तो गिळून गेला. पण एका सकाळी त्यानं महांतेशला मोबाईलच्या दुकानात गिऱ्हाइकाशी बोलताना ऐकलं, “आमच्या अप्पांचे कान गेले वो. आता काम जमत न्हाय.”

गिऱ्हाईक गेल्यावर रेवणप्पा आत गेला. “चार्जर म्या बगितला होता,” तो म्हणाला.

महांतेश काऊंटर पुसू लागला. बापाला वाटलं, आता तो पाया पडेल, न्हायतर रडेल तरी.

“मला वाटलंच होतं,” महांतेश म्हणाला. “मग तवाच का बोलला न्हाय? दोनशे माणसांचे अंगठे होते तुमच्याकडं. म्या खोटं केलं, तर तुमी बी केलं की. आता कुणाला सांगू नका. तुमच्यावर कोण इस्वास ठेवणार?”

पोराचं म्हणणं खरं होतं, हेच सगळ्यात वाईट होतं.

सहा महिन्यांनी जुनं प्रक्षेपण बंद झालं. त्याच आठवड्यात महांतेशनं बापाची टपरी रिकामी केली. सेट, कॉईली, सागवानी पेटी, सगळं दोन पोत्यांत भरून भंगारात गेलं. रेवणप्पा आता मुलाच्या दुकानात मागच्या स्टुलावर बसून मोबाईलच्या काचा पुसून देतो. काम बरं करतो, असं महांतेश म्हणतो.

परवा कर्नाटकातल्या आळंदकडचा एक म्हातारा रेडिओ फडक्यात बांधून घेऊन आला. कानडीत विचारू लागला, हा बोलत का न्हाय? रेवणप्पाचे हात पुढं झाले.

“अप्पा, बसा,” महांतेश म्हणाला. मग म्हाताऱ्याला म्हणाला, “हे बंद झालंय, मामा. नवा दाखवू?”

म्हाताऱ्यानं रेवणप्पाकडं पाहिलं. रेवणप्पानं पुढची काच उचलली आणि पुसायला घेतली.