चीर कुठे थांबेल

ज्याच्या घरात आधी कुणी कॉलेजची पायरी चढले नाही, अशा माझ्यासारख्याने लिहायला बसावे हा आगाऊपणाच, त्याबद्दल क्षमा असावी. पण आज स्टोव्हमध्ये रॉकेल ओतताना वास आला आणि पिंपरीच्या कारखान्यातली तापलेली पत्र्याची शेड आठवली. सुटीत मी तिथे काम शिकत होतो. दाबाच्या हवेची जाड पोलादी टाकी कुरुळी गावच्या मिस्त्रींनी रॉकेल लावून पुसली, वर खडूची पूड फासली, तसे फटीत मुरलेले रॉकेल पुडीत उतरून बोटभर काळी चीर उमटली. दोन दिवस वहीत गणित मांडून मी चाचरत म्हणालो, "पोलाद चिवट आहे. चीर सुटली तरी वीतभर धावून थांबेल." मिस्त्री हसले. "व्हय राव, थांबंल. पर तिथंच पाठ टेकून आमी भाकरी खातो. तू बसतोस का?" मी वही मिटली. त्यांनी साहेबांशी भांडून टाकीतली हवा सोडायला लावली. मी कॉलेजात परतलो; पुढे टाकीचे काय झाले, कळेना. चार महिन्यांनी मिस्त्रींचे, कुणाकडून तरी लिहवून घेतलेले कार्ड आले: "पानी हवेवानी उसळत न्हाई, म्हून टाकीत पानी भरून दाब दिला, तवा फाटली. चीर तुज्या गणितापरमानं वीतभरच गेली. शेड भिजली. मान्सं समदी खुशाल हायेत."