मामा खोलीत आहे

जगात कुठेही बसून काम करणारी माणसं आता पुष्कळ झाली आहेत, पण कुठेही नेऊन बसवता येणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझा मेहुणा. म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. त्याला गॅलरीत बसवा, जिन्यात बसवा, दवाखान्याच्या बाकावर बसवा, बँकेत टोकन हातात देऊन बसवा. तो मांडीवर लॅपटॉप उघडतो, कानाला हेडफोन लावतो आणि त्याची कचेरी सुरू होते. त्याच्या कंपनीची गोदामं बंदराजवळ द्रोणागिरीला आहेत, मालक जर्मनीत आहेत, माल बहुतेक वेळा समुद्रात असतो, आणि मेहुणा आमच्या नेरुळच्या स्वयंपाकघरात, फ्रीज आणि खिडकी यांच्यामध्ये, कारण आमच्या घरात रेंज तिथेच बरी येते. कोणता कंटेनर कोणत्या गोदामात उतरवायचा हे तो तिथून ठरवतो. पूर्वी कंपनीचं एक ऑफिस सीबीडी बेलापूरला होतं. लॉकडाऊनमध्ये ते बंद झालं ते पुन्हा उघडलंच नाही, आणि तेव्हापासून हा माणूस आमच्या सगळ्या नातेवाइकांच्या मालकीचा झाला.

माझे सासरे मार्केटला माथाडी होते. साताऱ्याकडून आले, आयुष्यभर पाठीवर गोण्या वाहिल्या आणि कोपरखैरण्याला घर केलं. त्यामुळे काम म्हणजे बाहेर जाणं आणि घामेजून परत येणं, अशी सासूबाईंची पक्की समजूत. मुलगा काचेवर बोट फिरवून आख्खा कंटेनर इकडचा तिकडे करतो, याचं त्यांना काडीचं कौतुक नाही. "काम कसलं? बसूनच तर असतंय दिसभर," असं त्या आल्यागेल्याला सांगतात, तेही तो समोर बसलेला असताना. एकदा त्याच्या मावशीकडे चहाचा कप लॅपटॉपवर उपडा झाला. मावशी रडकुंडीला आल्या. याने लॅपटॉप उलटा करून खिडकीत वाळत ठेवला, पिशवीतून टॅब काढला आणि वाक्य जिथे अर्धं राहिलं होतं तिथून पुढे लिहायला लागला. "अरे, पण तुझं सगळं भिजलं ना?" मावशींनी विचारलं. "काही भिजलं नाही, मावशी. काम सगळं क्लाउडवर असतं. हे नुसतं भांडं होतं." सासूबाई शेजारीच होत्या. त्या म्हणाल्या, "मग तेवढं भांडं घासून ठेव." 

कुठूनही काम करता येतं, याचा आमच्या नातेवाइकांनी अगदी व्यवहारी अर्थ काढला. ज्याला कुठूनही काम करता येतं, त्याला आपल्या घरूनही करता येतं. "तुझं काय बाबा, तू कुठूनही काम करतोस," या वाक्याने फोन सुरू व्हायचा आणि पुढे प्लंबर, पडदेवाला, गॅसचं सिलेंडर किंवा कुणाचा तरी मोतीबिंदू असायचा. अर्ध्या नवी मुंबईतल्या नातेवाइकांच्या घरांच्या किल्ल्या त्याच्या पिशवीत असतात. त्याने कुणाला नाही म्हटल्याचं मला आठवत नाही. "टेन्शन नका घेऊ दाजी, नेट असलं की झालं," एवढंच म्हणायचा. एका आत्याच्या डोळ्याच्या ऑपरेशनला हा बाहेर बाकावर बसून मीटिंगमध्ये बोलत होता, आणि नेमकी नर्स येऊन ओरडली, "पेशंटबरोबर कोण आहे?" तो आवाज थेट जर्मनीपर्यंत गेला. याने साहेबाला आत्याचा डोळा समजावून सांगितला. पुढच्या वेळी मावशीचा गुडघा निघाला, त्यानंतर काकूचं पित्ताशय. आता त्या साहेबाची अशी ठाम समजूत आहे की या माणसाला आत्या-मावश्याच फार आहेत आणि त्या आळीपाळीने आजारी पडतात. तो मीटिंग सुरू करण्याआधी सगळ्यांच्या तब्येतीची चौकशी करून घेतो.

त्याचं स्वतःचं लग्न राहून गेलं. प्रयत्न झाले नाहीत असं नाही. मुलीचे वडील विचारायचे, "ऑफिस कुठे आहे तुमचं?" हा प्रामाणिकपणे सांगायचा, "कुठेही." मग ते चहा संपवून उठायचे. पुढे पुढे विचारणारेही कमी झाले, आणि तो आईबरोबर कोपरखैरण्याला राहिला. त्याबद्दल तो कधी कुरकुरला नाही. दुसऱ्यांच्या लग्नांना मात्र तो हमखास असायचा, कारण लग्नात खोली सांभाळायला माणूस लागतो. मंगल कार्यालयात वधूपक्षाला जी खोली मिळते तिच्यात दागिने, साड्या, आहेराची पाकिटं, पेढ्यांचे पुडे असा सगळा ऐवज असतो, आणि प्रत्येकाला तर मांडवात जायचं असतं. मग कुणीतरी म्हणायचं, "त्याला बसवा ना. तो काय, कुठूनही काम करतो." एका लग्नात हेडफोन लावून काम करताना त्याच्या पाठीमागून कुणीतरी पेढ्यांचे पुडे उचलून नेले. तेव्हापासून सासूबाईंनी नवा नेम केला. मांडवात जाताना त्या त्याला आत ठेवून खोलीला बाहेरून कुलूप लावायच्या. कार्यालयाच्या कुलपावर त्यांचा विश्वास नसे, म्हणून कुलूपही घरून आणायच्या. अशी आमच्या घराण्यातली सगळी लग्नं त्याने केली आणि एकही पाहिलं नाही. मंगलाष्टकं त्याला भिंतीपलीकडून ऐकून तोंडपाठ होती.

एका बाबतीत मात्र तो हटून होता. माझी मुलगी जन्मली तेव्हा तिला हातात घेऊन तो म्हणाला होता, "दाजी, हिला बोहल्यावर मी आणणार." आता मुलीला बोहल्यावर मामानेच आणायचं असतं, त्यात सांगण्यासारखं काय होतं? पण तो दर वर्षी तिच्या वाढदिवसाला हे आठवणीने सांगायचा. त्याला मूलबाळ नव्हतं, मागण्यासारखा दुसरा कुठला मान नव्हता, आणि आहे तो मान निसटायला नको अशी धास्ती त्याला वाटत असावी. मुलीचं लग्न ठरलं तेव्हा त्याने फेटा कुणाच्याही आधी आणून ठेवला. मुहूर्ताच्या दिवशी रजा काढली. साताऱ्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना प्रवास झेपणार नव्हता, म्हणून त्यांना घरबसल्या पाहता यावं यासाठी कॅमेरावाल्याला धरून लग्न लाइव्ह दाखवायची व्यवस्थाही त्यानेच लावली.

घणसोलीच्या एका कार्यालयात लग्न होतं. सकाळी जर्मनीहून निरोप आला की एक जहाज लवकर लागलं आहे, औषधांचा माल आहे, तेवढी गोदामात जागा लावून दे, तू तर कुठूनही करू शकतोस. तेच वाक्य, फक्त जर्मन तोंडून. "मुहूर्ताला अजून वेळ आहे, अर्ध्या तासात उरकतो," असं म्हणून तो खोलीत जाऊन बसला. तो बसलाच आहे म्हटल्यावर येणाऱ्याजाणाऱ्याने आपली पिशवी, पर्स आणि फोन त्याच्याजवळ ठेवले. मी सोवळं नेसलो होतो, सोवळ्याला खिसा नसतो, तेव्हा माझाही फोन तिथेच. शेवटी सासूबाई आल्या, आपली पेटी ठेवली, वर्षानुवर्षांच्या सवयीने बाहेरून कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली आणि मांडवात पहिल्या रांगेत जाऊन बसल्या. आज आत मुलीचा मामा आहे, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. त्यांना आत नेहमीचा माणूस दिसला.

याचं काम वेळेत झालं. फेटा बांधला, दार ओढलं, दार उघडेना. दार बडवलं, पण बाहेर सनई-चौघडा असा लागला होता की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. खिडकी मागच्या बाजूला, तिथे जनरेटर धडधडत होता. त्याने मला फोन लावला, आणि माझा फोन त्याच्याच पायाशी एका पिशवीत वाजला. ताईला, म्हणजे माझ्या बायकोला लावला, तो पलंगावरच्या पर्समध्ये वाजला. कॅमेरावाल्याला लावला, त्याला त्या गोंगाटात ऐकूच गेला नाही. मग एकेक करत त्याने सगळ्या नातेवाइकांना फोन लावले, आणि खोलीच्या कोपऱ्याकोपऱ्यातून वेगवेगळी गाणी वाजायला लागली. हा माणूस थोड्याच वेळापूर्वी जर्मनीशी बोलून बंदरातलं जहाज रिकामं करून बसला होता, आणि त्याला पलीकडच्या मांडवात निरोप पोचवता येत नव्हता.

मांडवात गुरुजींनी पुकारा केला, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." मामा नव्हता. पुन्हा पुकारा झाला. खोलीला बाहेरून कुलूप दिसत होतं, म्हणून तिथे कुणी शोधलंच नाही. सासूबाई सगळ्यांत मोठ्याने चौकशी करत होत्या, "आरं, कुटं गेलं हे पोरगं? आजच्या दिवशी तरी कळाय नको?" काखेत कळसा म्हणतात तो असा. कार्यालयाचे मालक घणसोली गावातलेच, गडी मोठा हौशी, ते स्वतः पार्किंगपर्यंत बघून आले आणि मला म्हणाले, "शेट, तुमचा मामा गेला कुठं? गाडी तर इथंच हाय." मुहूर्त सरकायला लागला. कुणीतरी व्यवहारी तोडगा काढला की चुलत मामा आहेत, त्यांना फेटा बांधा. ते बिचारे पुढेही झाले. मुलगी पलीकडच्या, नटायच्या वेगळ्या खोलीच्या उंबऱ्यात तयार होऊन उभी होती. ती म्हणाली, "मला माझा मामा पाहिजे. तो येईपर्यंत मी इथेच उभी राहते."

हे सगळं मेहुणा टॅबवर पाहत होता. त्याने लाइव्ह उघडलं होतं, आणि ते अर्ध्या मिनिटाने मागे असतं. म्हणजे चुलत मामाच्या डोक्याला फेटा चढताना त्याला दिसत होता, पण ती आता निघाली की अजून थांबलीय हे कळत नव्हतं. ते अर्धं मिनिट आयुष्यात विसरणार नाही, असं तो नंतर मला म्हणाला. त्याने लाइव्हच्या खाली लिहिलं, "मामा खोलीत आहे. बाहेरून कुलूप आहे. किल्ली आईच्या कमरेला." त्याखाली साताऱ्याहून लगोलग उत्तरं आली. एकाने हात जोडले. एकाने "उभयतांस शुभाशीर्वाद" लिहिलं. एक आजी कुणाकडून तरी लिहून घेऊन म्हणाल्या, "मांडव छान आहे." याने तेच पुन्हा लिहिलं, पुन्हा लिहिलं. शेवटी कॅमेरावाल्याचं लक्ष गेलं. आधी त्याला ती चेष्टा वाटली. मग त्याने गुरुजींच्या हातातला माइक घेतला आणि भर मांडवात वाचून दाखवलं, "वधूचे मामा खोलीत अडकलेले आहेत. त्यांच्या आईंनी कृपया कमरेला बघावं." सनई थांबली. सासूबाईंनी कमरेला हात लावला आणि त्या मटकन खुर्चीत बसल्या.

तो आला तो अनवाणी, फेटा तिरका आणि गळ्यात हेडफोन तसाच. भाचीचा हात त्याने धरला, पण फेटा सारखा डोळ्यांवर येत होता, तेव्हा तिनेच त्याला बोहल्यापर्यंत आणलं म्हणायला हवं. मुहूर्त टळला होता का, हे गुरुजींनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. तो तिच्या मागे उभा राहिला. सगळी मंगलाष्टकं त्याने गुरुजींबरोबर म्हटली, अक्षता टाकायला मात्र विसरला. त्या मुठीत तशाच राहिल्या.

त्यानंतर आमच्या सगळ्यांच्या मनाला ते फार लागलं. सासूबाई तर म्हणाल्या, "आपण पोराचा राखणदार केला." मग नातेवाइकांनी वर्गणी काढून त्याला एक चांगलं टेबल आणि फिरती खुर्ची घेऊन दिली. आता याला कुणी त्रास द्यायचा नाही, असं एकमताने ठरलं आणि, आमच्या घराण्यात क्वचितच घडतं तसं, ते सगळ्यांनी पाळलं. ज्याने त्याने आपापल्या किल्ल्या परत नेल्या. मेहुणा कोपरखैरण्याच्या घरी भिंतीकडे तोंड करून फिरत्या खुर्चीत बसायला लागला. आम्हाला आपण मोठं पुण्य केल्यासारखं वाटत होतं.

एका दुपारी त्याचा फोन आला. "दाजी, तुमच्याकडे पाण्याच्या फिल्टरचा माणूस यायचा होता ना?"

"येऊन गेला की. मी रजा घेतली होती."

"रजा?" त्याने विचारलं. "सांगायचं ना मग. मी काय, कुठूनही..." ते वाक्य त्याने पुरं केलं नाही. आमच्या मुलीची खुशाली विचारली आणि फोन ठेवला. मला फार वाईट वाटलं. आम्ही त्याचं ओझं उतरवलं होतं की त्याची माणसं काढून घेतली होती, ते मला समजेना.

मी हे बायकोला सांगितलं. तिने त्याच संध्याकाळी भावाला फोन केला. "गुरुवारी येशील का रे? वॉशिंग मशीनवाला येणार आहे आणि आम्ही दोघंही बाहेर असू." आमच्या मशीनला काहीही झालेलं नव्हतं. मुलगी सासरी गेल्यापासून आमचंही घर दुपारचं फार शांत असतं, हे ती बोलली नाही.

गुरुवारी संध्याकाळी आम्ही परतलो तेव्हा तो फ्रीज आणि खिडकीच्या मधे बसून कुणाशी तरी कंटेनरबद्दल बोलत होता. आम्हाला पाहून त्याने हेडफोन काढला.

"ताई, तो माणूस आला नाही गं. मी दिवसभर इथेच होतो, बेल नाही वाजली."

"हो का? मग उद्या येईल," ती म्हणाली.

"मशीन तर चालतंय. मी कपडे लावले होते, वाळतही घातलेत." तो बहिणीकडे बघत होता. मग त्याने पुन्हा लॅपटॉपकडे मान वळवली. "पण उद्या येतो मी. आला तर घरात कुणीतरी असलेलं बरं."

"बरं," असं म्हणून ती गॅलरीतले कपडे काढायला गेली आणि बराच वेळ तिथेच राहिली. कपडे अजून ओलेच होते.