सरळ चालणारी चिंबोरी

चिंबोरी सरळ चालायला लागली आणि माझं डोकंच फिरलं. थिएटरात लोक टाळ्या पिटत होते, आणि मी पडद्याकडे बघून मोठ्याने म्हणाले, "मेल्यांनो!" पुढच्या बाईने वळून बघितलं. बघेना का.

मी मासे विकणारी. सगळा जन्म मिरकरवाड्यात गेला. चिंबोरी, म्हणजे तुमचा खेकडा, कशी चालते ते मला कोणी शिकवू नये. पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीचे दिवस होते, होड्या वर ओढलेल्या, हाताला काम नाही, म्हणून लेकीला घेऊन तो कार्टून पिक्चर बघायला गेले. खरं सांगायचं तर तिला जरा हसवायचं होतं. लेक बारा वर्षांची. जन्मापासून डावा पाय आत वळलेला. दीड वर्ष कराटेच्या क्लासला जात होती, आणि सर सांगत होते की रविवारी पिवळ्या पट्ट्याची परीक्षा आहे, हिला बसवा. ही म्हणे, "नको. लाथ मारताना मी पडते. सगळे हसतात."

पिक्चरातली चिंबोरी खानावळीत भांडी घासायची. तिला कुंगफू शिकायचं असतं, पण चाल तिरकी. गुरू म्हणजे एक म्हातारा बगळा. तो म्हणतो पुढे ये, ही जाऊन आदळते भिंतीवर. नमस्काराला वाकली की शेजारच्याला ढुशी. लेक हसून हसून माझ्या अंगावर कोसळत होती. मग बगळ्याच्या लक्षात येतं, समोरून मारलेला एकही ठोसा हिला लागत नाही, कारण ही समोर असतेच कुठे! तिथून तो तिला तिरकंच लढायला शिकवतो. काय झकास शिकवतो!

मध्यंतरात वडा खाता खाता लेक म्हणाली, "आये, मी बसते गो परीक्षेला. सरांना सांगते, मी बाजूनेच लाथ मारणार." मला इतका आनंद झाला की मी तिला आणखी एक वडा घेऊन दिला.

आणि मग तो शेवट. समोर राक्षसाएवढी वाम, सापासारखा तो लांबडा मासा, चिंबोरी हरायला आलेली, आणि आभाळातून कसलासा उजेड पडतो नि बाईसाहेबांचे पाय सरळ! सुसाट धावली, एक ठोसा, खेळ खलास. अरे, मग इतका वेळ तिला तिरकं लढायला शिकवलंत कशाला? आमच्या तोंडाला पानं पुसायला?

लेक टाळ्या वाजवत नव्हती. चपलेतल्या पायाकडे बघत होती. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "मी नाय बसत परीक्षेला."

घरी पोचेपर्यंत माझा पारा चढला होता. "केसाने गळा कापला मेल्यांनी!" मी पदर खोचून सुरूच झाले. "देवाने दिलेली चाल काय वाईट होती? तशीच जिंकली असती तर यांच्या बापाचं काय जात होतं?"

"आये, त्यांना कशाला शिव्या घालतेस?" लेक म्हणाली. "शिमग्यात देवाची पालखी दारात येते, तेव्हा तू काय गाऱ्हाणं घालायला लावतेस?"

दरवर्षी मी ओटी भरते आणि गावच्या मानकऱ्यांना, गावकरांना, सांगते. ते खणखणीत आवाजात देवाला सांगतात, बा देवा म्हाराजा, या लेकराचा पाय सरळ होऊ दे. अख्खी वाडी म्हणते, होय म्हाराजा.

"मला पुढे उभी करतेस," लेक म्हणाली. "मी पण म्हणते, होय म्हाराजा. मोठ्याने म्हण, असं तूच सांगतेस."

ती चिडली असती तर मी भांडले असते. भांडण मला येतं. तिने नुसतं सांगितलं, आणि कराटेचा ड्रेस घडी घालून कपाटात ठेवला.

रविवारी सकाळी सरांचा दोनदा फोन आला. मला लेकीला सांगायचं होतं, जा बाय, आहे तोच पाय घेऊन जा, काही कमी नाही त्यात. पण कुठल्या तोंडाने सांगणार होते?