दिराचा शर्ट

दुकानात सगळे तिला वहिनी म्हणत. कपडे तीच बेतायची, आणि कॉलरच्या आत दुकानाच्या नावाची पट्टी मात्र मशीनवर नाही, हातानं शिवायची. मी तिथली इस्त्रीवाली.

नावाची नोंदणी करायची ठरली तेव्हा ती दिराला म्हणाली, "भावजी, तुम्ही शिकलेले, तुम्हीच बघा." त्या मेल्यानं बघितलं. नाव स्वतःच्या नावावर करून घेतलं, पलीकडच्या रस्त्यावर दुकान थाटलं आणि वहिनीवरच दावा ठोकला. केसानं गळा कापला. निकाल अजून लागायचाय, पण तोवर तिनं ते नाव वापरायचं नाही, असा मनाई हुकूम आलाय.

नाव आधीपासून आपलंच, याचा पुरावा म्हणून त्यानं कोर्टात एक जुना शर्ट दाखवला. त्याच्या लग्नासाठी वहिनीनंच शिवलेला. दुकानाची पहिली पट्टी तिनं त्यालाच लावली होती.

मी त्याच्या नावानं बोटं मोडत होते. वहिनी विकायच्या शर्टांच्या पट्ट्या उसवत बसली होती. ती म्हणाली, "त्यानं पिशवीतून शर्ट काढला ना, तेव्हा इतकी वर्षं जपलाय म्हणून मला आधी बरंच वाटलं गं."