नवमीला थांबलेलं चाक

मी वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. जिभेनं तिखट, म्हणून मुलं मला वचकून असतात. असू देत. पण एका नवमीची गोष्ट सांगायला बसले की माझाच आवाज बसतो.

आमच्या मॅडमनी तेव्हा एक प्रयोग मनावर घेतला होता. अवकाशात, जिथं कशालाच वजन वाटत नाही, तिथं ज्वारीचं मूळ कुणीकडं वाढेल? खाली म्हणावं, तर तिथं खाली असं काही नसतंच. आता आमच्याकडं रॉकेट कुठलं! मग चितेगावच्या एका कारखान्यातून जुनी मोटर मागून आणली आणि तिच्यावर उभं चाक बसवलं. मिनिटाला एक फेरा. त्याला झाकणबंद काचेच्या बशा लावायच्या. बी सारखं फिरत राहिलं की मुळाला खाली कुठं ते उमगत नाही, जवळपास अवकाशातल्यासारखंच. अट एकच: पाच दिवस चाक थांबायचं नाही.

बशा मी भरायची. अवकाशात काय नि फिरत्या बशीत काय, पाणी एका जागी राहत नाही, म्हणून पाण्याऐवजी घट्ट जेली ओतायची, तिच्यात बुडबुडा राहू द्यायचा नाही, आणि धुतलेलं एकेक बी चिमट्यानं रुतवायचं. बी आणायचे आमचे शिपाई. सगळे त्यांना मामा म्हणायचे. बिडकीनहून रोज यायचे. नोकरी कंत्राटावर, दर अकरा महिन्यांनी मॅडमची सही झाली तरच पुढं. ज्वारी त्यांच्या बायकोनं राखेत ठेवलेली असायची, आणि ती राख धुता धुता मी त्यांच्यावर खेकसायची.

"राख धुतली जाती बाई," ते म्हणायचे, "पण किडं लागलं असतं तर काय धुतलं असतं?"

त्या साली नवरात्रात सप्तमीला चाक सुरू झालं. रजिस्टरात पाळ्या लिहिल्या: नवमी मामांची, दसरा माझा. मामा दर दसऱ्याला घरच्यांना घेऊन धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी नागपूरला दीक्षाभूमीवर जायचे, आणि त्यासाठी नवमीलाच निघावं लागायचं. यंदा त्यांचं तोंड एवढंसं झालेलं. मीच म्हटलं, "मामा, जा तुम्ही. नवमी मी बघते. मॅडमला सांगत बसू नका."

आणि नवमीला मी काय केलं? आमचं घर कन्नड तालुक्यातलं, शेतीवाडीचं. खंडेनवमीला आमच्यात नांगरापासून शिलाई मशीनपर्यंत सगळ्यांना सुट्टी. चालतं यंत्र पूजत नाहीत, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. सूक्ष्मदर्शक पुसले, तराजू पुसला, सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं. चाकापाशी आले आणि हात आपोआप बटणावर गेला. पाचच मिनिटं, म्हटलं. कुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं. तेवढ्यात खालून हाक आली, ऑफिसातल्या कुणाची तरी नवी गाडी ओवाळायची होती. एक गाडी ओवाळून होते तोच दुसरी आली, मग पेढे, मग फोटो. मी रमलेच तिथं. वर आले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि चाक थांबलेलं. बटण दाबलं, फूल उचललं, कुंकू पुसलं. म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मॅडमनी बशा उतरवल्या. मी शेजारी, मामा दाराशी, सकाळीच नागपूरहून आलेले. मॅडमनी कोनमापक लावला. सगळी मुळं वाटेल तिकडं निघालेली, पण मध्येच सगळ्यांना एकाच बाजूला वाक आलेला. मुळांनी त्या चार-पाच तासांत खाली ओळखलं होतं. वाकापासून टोकापर्यंतची लांबी मोजून, मूळ दिवसाला किती वाढतं त्याचा हिशोब करून मॅडम म्हणाल्या, "नवमीला चाक बंद होतं." मग रजिस्टर उघडलं. "मामा, तुमची पाळी होती. तुम्ही होतात कुठं?"

मामांचा कंत्राटाचा कागद टेबलावरच पडला होता, सहीविना. मामांनी एकदा चाकाकडं बघितलं. मोटरच्या स्क्रूच्या खाचेत कुंकू राहिलं होतं, ते मलाही तेव्हाच दिसलं. त्यांच्या घरात कुंकवाची पूजा होत नाही; ते कुंकू कुणाचं, हे त्यांनाही ठाऊक आणि मलाही.

"पाळी माझीच होती मॅडम," ते म्हणाले. बास, एवढंच. मॅडमनी तो कागद उचलून ड्रॉवरमध्ये टाकला आणि मी गप्प उभी राहिले. एरवी चुरुचुरु चालणारी माझी जीभ, मेली तेव्हाच कुठं गेली होती! मामा दाराबाहेर पडले, जिन्यापर्यंत गेले, तेव्हा कुठं मला कंठ फुटला. "मॅडम, मी बंद केलं. त्यांना मीच जा म्हटलं होतं." रडू आलं, लाज वाटली, दोन्ही.

मॅडम खूप बोलल्या. बोलायलाच हवं होतं. मग कागद काढून सही केली आणि प्रयोग पहिल्यापासून लावायला सांगितला. मी धावत जिन्यात गेले आणि मामांचे हात धरले. ते हसले. "बाई, नागपुरात लोक चाक फिरवल्याचा दिवस पाळायला गेल्ते लई लांबून. आन् तुम्ही इथं आमचं चाक थांबवून बसल्या व्हय!"

त्या हसण्यानं मला जास्त लागलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

मागच्या हिवाळ्यात मामा गेले. विभागात आता विकतचं नवं यंत्र आहे, आमचं चाक कपाटात असतं. खंडेनवमीला मी अजूनही सगळी यंत्रं बंद करून कुंकू लावते, सवय जात नाही. चाक तेवढं बाहेर काढते आणि त्याचं बटण दाबते. ते घरघरत फिरायला लागलं की मी मोठ्यानं म्हणते, "मामा, पाळी माझी होती."